कुंडलिकेच्या मुखावरील चौल

कुंडलिका नदी समुद्रास मिळते तेथें उत्तरतीरावर रेवदंडा व दक्षिणतीरावर कोर्लईचा डोंगर आहे. रेवदंड्याच्या तटाच्या आंत आज नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. त्याच जागीं पोर्तुगीजांचें भरभराटीचें शहर होतें, हें नवख्या प्रवाशास सांगूनहि खरें वाटत नाहीं.

चौलचें बंदर मात्र पोर्तुगीजांनीं निर्माण केलेलें नव्हे. प्राचीन ग्रीक व्यापाऱ्यांसहि तें ठाऊक होतें. १५०८ सालीं याच खाडीपाशीं झालेल्या आरमारी लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द अल्मेइदा मारला गेला. तरीहि १५१६ मध्यें अहमदनगरच्या निजामशहानें पोर्तुगीजांस वखार घालूं दिली, आणि पांच वर्षांनीं किल्लाहि बांधूं दिला. या औदार्यांत स्वार्थ होताच. दख्खनच्या घोडदळास घोडे लागत, ते ओर्मझहून समुद्रमार्गें येत, आणि समुद्र पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चौल एक नव्हतें, दोन होतीं. तटबंदीचें खालचें चौल पोर्तुगीजांचें, तर वरचें चौल निजामशाहीचें. वरच्या चौलांत विणकर राहत. चीनमधून आलेल्या रेशमाचें वस्त्र ते विणीत, आणि खालच्या चौलांतून तें परदेशीं जाई. खालच्या शहराचें वैभव असें वरच्यांच्या मागांवर अवलंबून होतें.

१५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशहानें कित्येक महिने वेढा दिला. किल्ला पडला नाहीं. पुढें शहर खचलें तें निराळ्याच कारणांनीं. १६२२ सालीं ओर्मझ पोर्तुगीजांच्या हातून गेलें. १६६८ मध्यें इंग्रज कंपनीस मुंबई मिळाली आणि त्याच सुमारास चौलचे कांहीं विणकर तेथें जाऊन राहिले. कंपनीनें त्यांच्यासाठीं स्वतंत्र रस्त्यावर घरें बांधविलीं. विणकर ज्या गांवीं जाईल त्या गांवीं व्यापारी जाणारच. १७४० च्या तहानें चौल मराठ्यांकडे आलें, तेव्हां हातीं लागला तो मुख्यतः किल्ला. व्यापार केव्हांच मुंबईस गेला होता.

तटांत आतां पडक्या भिंती आणि सातखणी मनोऱ्याचे अवशेष तेवढे आहेत. परंतु पैलतीरीं, कोर्लईच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तींत, पोर्तुगीज शब्दांची एक बोली अद्याप घरोघर चालते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. शब्द लिस्बनचे खरे, पण क्रियापद मराठीप्रमाणें वाक्याच्या शेवटीं येतें.