फोटोच्या पाठीवरचे नाव



गेल्या हिवाळ्यात नातवाने इथे शुगर लँडला माझ्या ट्रंकेतले सगळे जुने फोटो स्कॅन करून संगणकात घातले. मोठ्या प्रेमाने केलेले काम! पण पाहते तो काय, माझ्या आईवडिलांचे लग्न गेल्या डिसेंबरात लागलेले! यंत्राने स्कॅन केला तोच दिवस फोटोची तारीख म्हणून लिहून टाकला होता. आणि मलिद्याच्या ताटाच्या फोटोला नाव होते, ‘फूड’. नातू म्हणाला, "आजी, यंत्राला कोणी सांगितल्याशिवाय कसे कळणार?" त्याचे म्हणणे खरे होते. त्या निमित्ताने जे शिकले ते सांगते.

फोटो कोणाचा, कुठला, कधीचा, कोणी काढला, या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात, म्हणजे वस्तूविषयीची माहिती. आपल्या शाळांत जनरल रजिस्टर असे. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि आधीची शाळा लिहिलेली असे. मूल समोर नसले तरी रजिस्टरवरून ते ओळखता येई. तसेच हे. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी जाणकार जमले आणि त्यांच्या कामातून पुढे अशा पंधरा रकान्यांची यादी ठरली. तिला ‘डब्लिन कोअर’ म्हणतात. अनेक ग्रंथालये ती वापरतात.

२००१ साली टिम बर्नर्स-ली व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याच्या पुढची कल्पना एका मासिकात मांडली. तिचे नाव ‘सेमँटिक वेब’, म्हणजे अर्थाचे जाळे. यात प्रत्येक गोष्ट लहान वाक्यात लिहायची, आपल्या व्याकरणातल्या कर्ता, क्रियापद, कर्म यांसारखी: ‘सामाजी – बांधली – मशीद.’ अशी वाक्ये जोडत गेले की माणूस, गाव, नाते, सगळे यंत्राला एकमेकांत गुंफता येते.

कल्पना छान, पण अडचण येते नावाशी. मुंबईची आपली पहिली मशीद, शाअर हारहामीम, १७९६ साली ज्यांनी बांधली ते सामाजी हसाजी दिवेकर. इंग्रजी पुस्तकांत तेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. आपण लगेच ओळखतो, कारण शमुएलचा सामाजी आणि यहेज्केलचा हसाजी होतो हे घरी ऐकलेले असते. यंत्राला मात्र ती दोन माणसे वाटतात. आपल्या इतिहासाचे लेखक हाईम सॅम्युएल किहीमकर इंग्रजीत ‘के’पुढे ‘ई’ घालून लिहिले जातात, आणि किहीम गाव ‘आय’ घालून. मग आडनाव गावाशी जुळत नाही. सारख्या उच्चाराची ज्यू नावे जुळवणारी एक पद्धत १९८५ साली निघाली, पण ती पूर्व युरोपातल्या नावांसाठी. पेणकर, नवगावकर तिच्या ध्यानीमनी नव्हते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक वस्तूला क्रमांक. २०१२ साली सुरू झालेल्या ‘विकिडेटा’त मुंबईचा क्रमांक क्यू ११५६ आहे. तुम्ही बॉम्बे म्हणा, मुंबई म्हणा, हिब्रूत लिहा, क्रमांक एकच. पण सामाजी आणि सॅम्युएल एकच, हे आधी कोणा माणसाने सांगावे लागते. ते काम कंटाळवाणे असते, त्याला पगार नसतो, आणि चुकीचे लिहिले तर चूकही सर्वत्र जाते. म्हणून हे जाळे वाटले होते तितक्या वेगाने विणले गेले नाही.

तारखांचेही तसेच. आपले वर्ष तिश्रीत बदलते. थडग्यावर फक्त ५७२० असेल तर ते १९५९ की १९६०? जुन्या टंकांत छापलेला मराठी मजकूर तर संगणकाला अगम्य चिन्हांसारखा दिसतो. तो नव्याने, युनिकोडमध्ये टाइप करावा लागतो.

तर आपण काय करावे? फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, जोर न देता लिहावे. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव लिहावे. मराठी, हिब्रू आणि पासपोर्टवरचे इंग्रजी, तिन्ही. बाईचे माहेरचे आडनावही लिहावे. गाव, प्रसंग, वर्ष लिहावे. खात्री नसेल तर ‘अंदाजे’ लिहावे, ठोकून देऊ नये. जिवंत माणसांच्या जन्मतारखा मात्र जगजाहीर करू नयेत.

माझ्या ट्रंकेत अलिबागच्या बाजूला काढलेला एक फोटो आहे. त्यात सात जण उभे आहेत. पाचांची नावे मी लिहिली. उरलेले दोघे कोण, हे माझ्या थोरल्या बहिणीला ठाऊक होते. ती असताना मी विचारले नाही. आता कोणतेही यंत्र ते सांगू शकणार नाही. तुमच्या ट्रंका आजच उघडा.