वर्षातून एकदा येणारी भरती : भिलाईच्या तळ्यांचे ऋतुचक्र

मुंबईच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते. भिलाईच्या तळ्यांना ती वर्षातून एकदाच येते. आषाढात पाणी चढते, फाल्गुनापासून उतरू लागते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या छत्तीसगडच्या या पोलादनगरीत पक्षी, बेडूक आणि गोगलगाई या चढउतारावरच आपले वर्ष बेततात.

भिलाईची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. इथली गावतळी त्याच्या कितीतरी आधीची. दुर्ग जिल्ह्यातल्या धमधा गावाची ओळखच ‘छै आगर छै कोरी तरिया’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशा 126 तळ्यांनी सांगितली जाते. छत्तीसगडात तळ्याचे लग्न लावून पाण्यात मधोमध लाकडी खांब रोवण्याची रीत आहे. त्याच खांबावर आज खंड्या टपून बसलेला दिसतो.

तळ्याच्या वर्षाची सुरुवात जूनमध्ये होते. पहिल्या दमदार पावसात पिवळेधमक झालेले बेडकांचे नर काठावर ओरडू लागतात. पाठोपाठ मुग्धबलाक येतात. हे करकोचे गावातल्या चिंचेच्या उंच झाडांवर वसाहत करतात आणि भातखाचरांतल्या गोगलगाई वेचून पिल्ले वाढवतात. तळ्यात लांब शेपटीचा कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे मांडतो. अंडी उबवण्याचे काम नराचे. मादी दुसऱ्या नराकडे निघून जाते.

दिवाळीनंतर पाहुणे उतरतात. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या हे हिमालय ओलांडून मध्य आशियातून येतात. मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयाजवळचा मरोदा जलाशय पोलाद कारखान्याची तहान भागवतो. कारखान्याला पाणी बारमाही लागते, म्हणून गावतळी आटली तरी इथे पाणी टिकते. असे खोल पाणी लालसरीसारख्या बुडी मारणाऱ्या बदकांना मानवते. उथळ गावतळी ढोकरी, बगळे आणि चिखल्यांना. शहराला दोन्ही हवीत.

उन्हाळ्यातले सुकत चाललेले तळे अनेकांना मेलेले वाटते. प्रत्यक्षात तेव्हा उघड्या चिखलात कंठेरी चिखल्या धावत असतात, कोंडलेल्या मासळीवर बगळे तुटून पडतात आणि गोगलगाई कवचाचे दार लावून मातीत निजतात. पाऊस येताच त्या बाहेर पडतील, तेव्हाच मुग्धबलाकांच्या पिल्लांचे पोट भरेल. म्हणजे जुलैतला करकोचा मेमधल्या चिखलावर जगतो.

मुंबईच्या खाडीचा हिशेबही चिखलाचाच आहे. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातले शैवाल खातात. भरतीने चिखल बुडाला की ते नवी मुंबईतल्या नेरुळच्या डीपीएस तळ्यासारख्या जागी विसावतात. खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तरी 2024 मध्ये भरतीचे पाणी नीट न पोचल्याने हे तळे सुकले आणि त्याचा प्रश्न गाजला. खाडी राखायची तर तिच्या आसपासचे तळेही राखावे लागते.

भिलाईला यातून शिकण्यासारखे आहे. तळ्याचे सौंदर्यीकरण म्हणजे चहूबाजूंनी सिमेंटची भिंत, फरसबंद वाट आणि रोषणाई, असा समज आपल्या शहरांत रुजला आहे. सरळ भिंतीला उथळ काठ नसतो. मग चिखल्याला उभे राहायला जागा नाही, गोगलगाईला निजायला माती नाही. सांडपाणी मिसळले की जलपर्णी उरलेले पाणी झाकून टाकते. तळ्याकडे वेगळ्या नजरेनेही पाहता येते. राज्याच्या सीमेपलीकडच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध तलाव लेखक मारुती चितमपल्लींनी मराठी वाचकांच्या घराघरांत पोचवला. जून 2025 मध्ये ते गेले. पाणथळीकडे त्यांनी ज्या आस्थेने पाहिले, तीच आस्था आपल्या वस्तीतल्या तळ्यालाही लाभली पाहिजे.

म्हणून दोन गोष्टी करू या. तळ्याचे काम निघेल तेव्हा निदान एक काठ उतरता आणि मातीचा ठेवावा, असा आग्रह प्रभागात धरू या. आणि 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यात आपल्या तळ्याची नोंद घालू या. नोंद असलेले तळे बुजवणे कठीण जाते.