वॉकमन जपायचा की वाजवायचा?

आयपॉडलासुद्धा आता ‘अँटिक’ म्हणायची वेळ आलीये, बॉस! ॲपलने २०२२ मध्ये तो बंदच केला. पण आमच्या ग्रुपचा खरा जीव अडकलाय तो त्याच्या आजोबांमध्ये, म्हणजे कॅसेटवाल्या वॉकमनमध्ये. ग्रुप म्हणजे जुने प्लेअर गोळा करणारे आम्ही चार-पाच जण. सगळे नोकरदार, सगळ्यांची कपाटं भरलेली आणि घरच्यांचा पेशन्स संपलेला. छंद एकच, पण एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ!

एक प्रकार शोकेसवाल्यांचा. यांना बॉक्स हवा, मॅन्युअल हवं, जमलं तर बिलसुद्धा. यांचं दैवत सोनीचा टीपीएस-एल२, जुलै १९७९ मध्ये जपानमध्ये आलेला पहिला वॉकमन. तेव्हाची किंमत ३३ हजार येन. निळा-रुपेरी रंग, दोन हेडफोन लावायची सोय आणि एक केशरी बटण. ते दाबलं की गाणं हळू होतं आणि ऐकणारे दोघं आतल्या माइकवरून एकमेकांशी बोलू शकतात. (इंजिनीअर रुक्ष असतात, असं कोण म्हणतं?) २०१४ मध्ये ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’च्या हीरोकडे तो दिसला आणि भाव असे चढले, की ईएमआयवाल्यांनी नुसतं बघावं.

काही जण एकाच मॉडेलचे वेडे. कुणाला फक्त पिवळे स्पोर्ट्स वॉकमन हवेत, कुणाला फक्त कॅसेटच्या डबीएवढा डब्ल्यूएम-२०. एक रंग मिळाला की दुसरा हवा. यांचं संपतच नाही, सोडून देऊ.

माझा पंथ वाजवणाऱ्यांचा. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार इथे ‘चालू नहीं है’ म्हणून कोपऱ्यात टाकलेला पीस आम्ही उचलतो. बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते, मेलेला असतो तो बेल्ट. रबराचा हा बारीक पट्टा मोटरची गती पुढे पोचवतो. वीस-तीस वर्षांत तो सैल पडतो, नाहीतर डांबरासारखा चिकट होऊन चाकाला बसतो. स्पिरिट लावलेल्या कापसाने ते सगळं पुसायचं, नवा बेल्ट चढवायचा, हेड साफ करायचं, सेलच्या कप्प्यातला हिरवट थर खरवडायचा. अख्खा रविवार जातो. पण मग कानात आवाज येतो ना... सॉलिड!

इथेच शोकेसवाल्यांशी आमचं वाजतं. त्यांच्या मते स्क्रू उघडला की ‘ओरिजिनल’ संपलं, बाहेरचा बेल्ट म्हणजे भेसळ. त्यांचं अगदीच चूक नाही. हौशी हातांनी स्क्रूची वाट लावलेले पीस मीही पाहिलेत. पण रबराला बॉक्स कळत नाही हो! काचेच्या कपाटातही ते खराब होतंच, आणि पीस कधी चालूच केला नाही तर ते कळतही नाही.

शिवाय माझ्यासाठी मुद्दा वॉकमनचा कमी आणि कॅसेटचा जास्त आहे. गल्फमध्ये नोकरीला गेलेल्या कित्येकांनी एकेकाळी पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवल्या. आमच्याकडेही एक आहे, साठ मिनिटांची. कुवेतहून काका बोलतायत, मागे एसीची घरघर, दर दोन वाक्यांनंतर आजीच्या गुडघ्यांची चौकशी. काका आणि आजी दोघंही आता नाहीत, आणि ही कॅसेट कुठल्याही ॲपवर मिळणार नाही. दुरुस्त केलेल्या वॉकमनवर ती लावली आणि हेडफोनच्या जागी वायर जोडून लॅपटॉपवर उतरवून घेतली. त्याआधी ओळखीच्या गाण्यांवर वेग तपासला, नाहीतर काका कार्टूनसारखे बोलले असते. टेप जुनी असल्याने एकदाच, न थांबवता वाजवली.

सोनीने जपानमध्ये कॅसेट वॉकमन बनवणं २०१० मध्ये थांबवलं. नवे कॅसेट प्लेअर अजून निघतात, पण त्या जुन्या यंत्रांची सर नाही, असं माझं मत. शोकेसवाले यावर मान डोलावतात आणि पीस मात्र उघडू देत नाहीत!

तुमच्या माळ्यावर एखादा वॉकमन असेल तर आधी त्यातले सेल काढा. आजच, घरी गेल्या गेल्या. बेल्टचं नंतर बघू.