ओळखीची चाल आणि दुसरे आवर्तन
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या पारोळ्यात सॅक्सोफोन कधीच ऐकला नाही असा माणूस सापडणे कठीण. नाव ठाऊक नसेल, पण लग्नसराईत वरात बाजारपेठेतून निघाली की क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटच्या गर्दीतून जो एक जाडसर, किंचित घोगरा, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा आवाज येतो, तो या वाद्याचा. कोणी त्याला वाकडी पिपाणी म्हणते, तर लहान मुले हत्तीची सोंड म्हणतात. माझे मामा गेली बावीस वर्षे एका बँडमध्ये हे वाद्य वाजवीत आहेत. हेच वाद्य घेऊन जगातले मोठे कलावंत एखादी जुनी, सर्वांच्या ओळखीची चाल बैठकीत अर्धा अर्धा तास कशी वाजवतात, आणि लोक तिकीट काढून ती शांतपणे का ऐकतात, हे समजून घ्यावे असे मला वाटले. त्यातून हा लेख झाला.

आधी वाद्याविषयी. बेल्जियमच्या अॅडॉल्फ सॅक्स यांनी ते घडवले आणि 1846 साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी जाणकार त्याला पितळी वाद्यांत धरत नाहीत. कारण आवाज उत्पन्न होतो तो तोंडाशी बसवलेल्या बोरूच्या जातीच्या पातळ पट्टीतून. तिला रीड म्हणतात. सनईलाही अशीच पाती असते, फक्त तिथे ती दुहेरी. मुळात हे वाद्य लष्करी बँडांत लवकर रुळले. आपल्याकडेही इंग्रजी पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडांतून अशी वाद्ये लग्नाच्या बँडात उतरली. म्हणजे अमेरिकेतला जॅझ आणि आपली वरात यांचे मूळ एकाच कवायतीच्या मैदानात सापडते.

आता जॅझमध्ये 'स्टँडर्ड' कशाला म्हणतात ते पाहू. नाव भारदस्त असले तरी यातली बरीचशी मूळची नाटक-सिनेमातली गाणी आहेत, विशेषतः 1920 ते 1950 या काळातली. आपल्याकडे नाट्यपदे घरोघर पोचली तशी ती तिकडे पोचली. वादकांना ती आवडली, कारण त्यांचा सांगाडा पक्का असतो. नेहमीच्या गाण्याचे एक आवर्तन 32 बारचे, आणि एका बारमध्ये 4 मात्रा. म्हणजे 128 मात्रा झाल्या. आपल्या तीनतालाच्या हिशेबाने आठ आवर्तने. त्यातही रचना ठरलेली: 8 बारचा एक तुकडा, तोच पुन्हा, मग 8 बारचा निराळा तुकडा आणि शेवटी पहिला परत. मधल्या निराळ्या तुकड्याला ते लोक 'पूल' म्हणतात. आपल्या भजनात ध्रुवपद, मग कडवे आणि पुन्हा ध्रुवपद येते, त्याच जातीची ही योजना आहे.

पहिल्या आवर्तनात चाल जशीच्या तशी वाजते. दुसऱ्यापासून ती नाहीशी होते. खाली पियानो आणि बास तेच स्वरसमूह त्याच क्रमाने फिरवीत राहतात, ढोल ताल धरतो, आणि सॅक्सोफोनवाला त्यावर त्या क्षणी सुचेल ते नवे बांधतो. अशी दोन, पाच, दहा आवर्तने होतात आणि अखेर मूळ चाल परत येते. ख्यालात बंदिश मांडून गवई विस्ताराला लागतो तसेच हे आहे, पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो. इथे पायाखालची जमीन दर बार-दोन बारला सरकते आणि वादकाला प्रत्येक वेळी नव्या जमिनीवर शोभेल असाच स्वर निवडावा लागतो. म्हणूनच चाल ओळखीची हवी. वादक ती वाजवीत नसतो तेव्हा ऐकणारा ती मनात चालवीत असतो, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतात तिथे खरी गंमत असते. चालच ठाऊक नसेल तर सगळा गोंगाट वाटणार! आपल्यापैकी अनेकांना जॅझ गोंगाट वाटतो त्याचे कारण बहुधा एवढेच आहे.

उदाहरण घेऊ. 'बॉडी अँड सोल' हे 1930 चे गाणे. कोलमन हॉकिन्स यांनी 11 ऑक्टोबर 1939 रोजी न्यूयॉर्कमध्ये ते टेनर सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केले. अवघी दोन आवर्तने, सुमारे तीन मिनिटे. मूळ चालीची खूण पहिल्या काही बारमध्ये दाखवून ते जे निघतात ते पुन्हा चालीकडे फिरकतच नाहीत, तरी गाण्याचा सांगाडा कुठेही सुटत नाही. ही तबकडी अमेरिकेत खूप खपली.

पण तबकडी ती तबकडीच. स्टँडर्डची खरी परीक्षा श्रोत्यांसमोर. सॉनी रोलिन्स यांनी 3 नोव्हेंबर 1957 रोजी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या जागेत दुपारी आणि रात्री असे दोनदा वाजवले. साथीला पियानोसुद्धा नव्हता. फक्त बास आणि ढोल. त्यातली 'अ नाइट इन ट्युनिशिया' ही चाल दोन्ही वेळची उपलब्ध आहे. वाद्य तेच, माणूस तोच, दिवसही तोच, आणि तरी रात्रीचे वाजवणे दुपारच्या वाजवण्याची नक्कल नाही. साथीदार बदलले होते हे एक कारण. जॉन कोल्ट्रेन यांनी तर 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे 1959 च्या संगीत नाटकातले साधे गाणे 1960 मध्ये जवळजवळ 14 मिनिटे वाजवले आणि 1966 साली जपानच्या दौऱ्यात तेच 57 मिनिटांपर्यंत नेले. ते 57 मिनिटांचे मला पूर्ण ऐकवले नाही, हे प्रांजळपणे सांगते. चौदा मिनिटांचे मात्र कितीही वेळा ऐकावे.

हे सगळे परदेशातले झाले. पण पारोळ्याहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या मुंबईतही हा इतिहास घडला आहे. 1935 साली लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यांच्यामागून आणखी अमेरिकन वादक आले आणि त्यांच्याजवळ बसून आपले लोक शिकले. त्यांत गोव्याचे लोक पुष्कळ. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत, त्यामुळे मुंबईत उतरताच हॉटेलच्या बँडात त्यांना काम मिळे. टेनर सॅक्सोफोनवाले रूडी कॉटन हे मात्र पारशी. त्यांचे खरे नाव कावसजी खटाव. इंग्रजी नाव घेतल्याशिवाय इंग्रजी संगीत वाजवता येत नाही असा त्या काळचा समज असावा.

1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या आणि हे वादक सिनेमाकडे अधिक वळले. तिथे त्यांना आपला मराठी माणूस भेटला. सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. भगवानदादांच्या 'अलबेला' (1951) मध्ये चिक चॉकलेट हे आल्दोनचे ट्रम्पेटवाले आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. पुढे कलकत्त्याहून मनोहारी सिंग आले. 'काश्मीर की कली' (1964) मधले रफीसाहेबांचे झिंगलेले गाणे आठवा, किंवा 'आराधना' (1969) मधले पावसाळी रात्रीचे. दोन्हींत सॅक्सोफोन त्यांचा. गाणी पाठ असणारे हजारो आहेत, वाजवणाऱ्याचे नाव सांगणारे किती? बहुतेक वादकांची नावे श्रेयनामावलीत येतच नसत. नामवंत वादकांचे हे हाल, तर वरातीतल्या बँडवाल्याचे नाव कोण विचारणार!

बैठक मांडून, श्रोते समोर बसवून हे संगीत ऐकण्याचा मोठा प्रसंग 1978 साली आला. निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरवली. वर उल्लेखिलेले सॉनी रोलिन्स तिथे प्रत्यक्ष वाजवून गेले. त्याआधी 1960 च्या दशकाच्या अखेरीस ते पवईच्या आश्रमात योग शिकायला राहिलेही होते. रोलिन्स यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 1959 ते 1961 त्यांनी जाहीर वादन बंद केले आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करीत. आमचे मामा याच कारणाने किल्ल्याच्या खंदकाकडे जातात.

जॅझ यात्रेतच 1980 साली मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ वाजवून गेले. वडील नागस्वरम वाजवीत. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याचा बँड ऐकला आणि सॅक्सोफोनचा ध्यास घेतला. त्यावर त्यांनी कर्नाटक संगीत बसवले, 2004 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये ते गेले. बँडातले वाद्य बैठकीवर जाऊ शकते, याला याहून मोठा पुरावा कुठला हवा?

म्हणून मी मामांना एकदा विचारले की, तुम्हीही सिनेमाचीच चाल घेता आणि तेही नाटक-सिनेमाचीच घेतात, मग तुम्ही दुसरे आवर्तन का घेत नाही? मामा म्हणाले, "माय, आम्हले कोन इचारस? लोके जे सांगतस ते वाजाडनं पडस." खरे आहे. वरातीत नवरदेवाच्या मित्रांना नाचायचे असते. चाल जरा बदलली की पाय अडखळतात आणि कोणीतरी ओरडते. बोट थोडे मोकळे होते न होते तोच पुढच्या गाण्याची फर्माईश येते. जॅझवाल्यांचेही आरंभी असेच होते, तेही नाचणाऱ्यांसाठीच वाजवीत. पण कार्यक्रम संपल्यावर पहाटेपर्यंत एकमेकांसाठी वाजवायला त्यांना जागा होत्या. आमच्या बँडवाल्यांना कार्यक्रम संपल्यावर टेंपो गाठायचा असतो.

मी मामांना मोबाइलवर हॉकिन्स ऐकवले. पहिल्यांदा ते म्हणाले, चाल कुठे गेली? दुसऱ्यांदा ते पायाने मात्रा मोजत होते. पूल आला तिथे त्यांनी हात वर केला. "पट्टी बदलनी!" अगदी बरोबर. त्या गाण्यात पुलावर काळी एकची पट्टी पांढरी दोन होते, पुढे पांढरी एक होते आणि मग परत काळी एक. हे मी पेटीवर शोधायला दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. मामा सातवी शिकलेले आहेत आणि इंग्रजी त्यांना येत नाही.

यंदा लग्नसराईत मामांच्या बँडाला अकरा तारखा मिळाल्या. पूर्वी चाळिसावर मिळत. उरलेल्या डीजेने नेल्या. बँडातले दोघे सुरतेला साडीच्या कारखान्यात लागले आहेत आणि मामींचे म्हणणे आहे की मामांनीही जावे. गेल्या महिन्यात बोरीकाठच्या एका गावी हळदीच्या रात्री, जेवणे झाल्यावर, मामांनी एक जुनी चाल घेतली, ती एकदा सरळ वाजवली आणि दुसऱ्या फेरीला सोडून दिली. ढोलवाला आधी गडबडला, पण त्याने ताल सोडला नाही. मामांच्या मोजणीप्रमाणे तीन आवर्तने झाली. ऐकायला आचारी, मांडववाला आणि भिंतीला टेकून बसलेली चार म्हातारी माणसे होती. त्यांतल्या एका आजोबांनी मध्येच विचारले, हे कोणत्या पिच्चरचे? आणि उत्तराची वाट न पाहता ऐकत राहिले.