सगळ्यांना ॲडमिन राइट्स कशाला?

दुकानात चार कॉम्प्युटर झाले तेव्हा मीही सगळ्यांना ॲडमिन करून ठेवलं होतं, पासवर्डही एकच. दिवसभर ‘सर, पासवर्ड टाका’ कोण ऐकणार! मग काउंटरवरच्या पोरानं कुठलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं, व्हायरस चारही कॉम्प्युटरवर पसरला. दोन दिवस आम्ही हातानं बिलं फाडली.

तुम्ही रोजच्या कामाला सगळ्यांना ‘स्टँडर्ड’ अकाउंटच द्या. ॲडमिन अकाउंट वेगळं, त्याचा पासवर्ड प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळा. अकाउंटंटला राइट्स खरंच लागत असतील, तर फक्त त्याच्याच कॉम्प्युटरवर ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ग्रुपमध्ये घ्या. पुढे सर्व्हर घेऊन डोमेन केलंत, तर हेच ग्रुप पॉलिसीनं एका जागेवरून होतं. पण त्याला विंडोज प्रो लागतं, होम चालत नाही. कॉम्प्युटर घेतानाच बघून घ्या.