नोंदीचे व्रत आणि विद्यापीठाचा धर्म

विद्यापीठातील संशोधनाचा विषय निघाला की सामान्यतः शोध लावणारा शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रयोगशाळेत काही नवे हाती लागते, त्यावर प्रबंध लिहिला जातो, पदवी मिळते, क्वचित पारितोषिकही मिळते आणि संशोधनाची कहाणी तेथे सुफळ संपूर्ण होते. निसर्गविज्ञानांत मात्र ज्ञानाचा फार मोठा भाग या मार्गाने मिळत नाही. कोणीतरी एकच गोष्ट, एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने वर्षानुवर्षे मोजत राहतो, तेव्हाच तो हाती येतो. नद्यांचे पाणी, अरण्यातील वृक्ष, वातावरणातील वायू यांच्याविषयी प्रश्न विचारण्यास एक दिवस पुरतो. उत्तर मिळण्यास कधी कधी एक पिढी खर्ची पडते. एवढ्या काळाची सोय विद्यापीठांनी करावयाची की नाही, हा प्रश्न आज अगत्याचा झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेल्या एका मोजमापाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

अंदाज आणि मोजमाप

हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण वाढले तर पृथ्वीचे तापमान किती चढेल, याचे गणित स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले होते. ही वाढ प्रत्यक्षात सुरू झाली आहे, असे प्रतिपादन इंग्लंडमधील अभियंते गाय कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये केले. परंतु त्यांच्यापुढे असलेली जुनी मोजमापे परस्परांशी जुळत नव्हती. कोणी शहरात मोजले होते, कोणी रानात, कोणी दिवसा, कोणी रात्री, पद्धतीही निरनिराळ्या. शिवाय, माणसाने हवेत सोडलेला जादा वायू समुद्र सहज शोषून घेईल, असा अनेक विद्वानांचा समज होता. थोडक्यात, सारा प्रश्न मतामतांच्या गलबल्यात अडकला होता.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १९५३ नंतर कॅलिफोर्नियात या प्रश्नात लक्ष घातले, ते मोजमापाच्या अंगाने. त्यांनी वायूचे प्रमाण अत्यंत काटेकोरपणे सांगणारे उपकरण स्वतः तयार केले आणि रानावनांतून हवेचे नमुने गोळा केले. रात्री झाडे व माती यांच्या श्वसनाने हवेतील प्रमाण वाढते; दुपारी हवा नीट घुसळली गेली की ते सर्वत्र जवळजवळ सारखेच आढळते, असे त्यांना दिसले. पूर्वीचा गोंधळ हवेचा नव्हता, मोजणाऱ्यांचा होता. योग्य जागी, योग्य वेळी, खात्रीच्या साधनाने मोजले तर संपूर्ण वातावरणाची नाडी एका ठिकाणी हाताला लागू शकते, हा या निष्कर्षाचा अर्थ होता.

१९५६ मध्ये कीलिंग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत दाखल झाले. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून साजरे होणार होते. त्या निमित्ताने दक्षिण ध्रुवावर आणि हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३४०० मीटर उंचीवर, मोजमापाची व्यवस्था झाली. मौना लोआ येथे मार्च १९५८ मध्ये पहिली नोंद झाली : हवेच्या दहा लक्ष भागांत ३१३ भाग. पुढील महिन्यांत आकडा मे महिन्यापर्यंत चढला, नंतर शरद ऋतूपर्यंत उतरला आणि पुन्हा चढू लागला. दुसऱ्या वर्षी हेच चक्र फिरले, तेव्हा उलगडा झाला. उत्तर गोलार्धातील वनस्पती उन्हाळ्यात वाढताना हवेतील कार्बन घेतात आणि पाने गळून कुजू लागली की तो परत करतात. जणू पृथ्वीचा श्वासोच्छ्वासच प्रथमच कागदावर उमटला होता. मात्र वर्षाचे चक्र पूर्ण होऊन आकडा पहिल्या जागी येत नव्हता. तो किंचित वर थांबत होता. १९६० मध्ये कीलिंग यांनी ही वाढ प्रसिद्ध केली. समुद्र सर्व काही पोटात घालील, या भरवशाला तेव्हापासून तडा गेला.

‘नित्याचे काम’

येथवरची कथा शोधाची आहे. खरी कसोटी पुढे लागली. वाढ होते हे एकदा सिद्ध झाल्यावर आणखी मोजून काय मिळणार, असा प्रश्न निधी देणाऱ्यांना पडू लागला. १९६४ मध्ये अमेरिकी शासनाने खर्चात कपात केली, तेव्हा मौना लोआचे मोजमाप काही काळ बंद पडले. त्या वर्षाच्या फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांच्या जागा या नोंदवहीत आजही रिकाम्या आहेत. जगातील कितीही धन ओतले तरी त्या आता भरता येणार नाहीत. १९७० च्या दशकात आक्षेपाचे स्वरूप बदलले. या कामात नवे संशोधन किती आणि नित्याचे काम किती, याचा हिशेब कीलिंग यांच्याकडे मागण्यात आला. नित्याचे काम म्हणजे संशोधन नव्हे, म्हणून संशोधनाचा पैसा त्यास देता येत नाही, अशी ही विचारसरणी होती.

कार्यालयात नोंदवह्या सांभाळणाऱ्या कोणालाही या विचारसरणीतील दोष चटकन कळेल. नोंदवहीतील एका ओळीला स्वतंत्र मोल नसते. मोल असते ते ओळीमागून ओळ चुकत नाही याला. आणि असे सातत्य आपोआप राहत नाही. यंत्र हळूहळू चुकू लागते, प्रमाण म्हणून वापरावयाच्या वायूच्या टाक्या पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात, ज्वालामुखीतून निघणारा वायू मोजमापात मिसळला काय हे रोज पाहावे लागते. आकड्यात दिसणारा अल्पसा फरक निसर्गाचा की यंत्राचा, हे ज्याला ओळखता येते तोच ही वही लिहू शकतो. नित्याचे दिसणारे हे काम करण्यास म्हणूनच उत्तम संशोधक लागतो.

कीलिंग हटले नाहीत. १९७४ पासून अमेरिकेच्या शासकीय संस्थेनेही त्याच ठिकाणी आपली स्वतंत्र मोजणी सुरू केली. दोन्ही नोंदी आश्चर्यकारक निकटतेने जुळत आल्या आहेत. २००५ मध्ये कीलिंग यांचे निधन झाले, तेव्हा आकडा ३८० च्या आसपास होता. मे २०१३ मध्ये तो दिवसाच्या सरासरीत प्रथमच ४०० ला भिडला, २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ च्या वर गेली आणि मे २०२५ ची मासिक सरासरी ४३० च्या पलीकडे पोचली. ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेवरून असे दिसते की, त्याआधीच्या आठ लक्ष वर्षांत हे प्रमाण कधी ३०० च्या फारसे वर गेले नव्हते. जादा वायू इंधनाच्या ज्वलनातूनच आला, याचा पुरावा त्यातील कार्बनच्या समस्थानिकांनी दिला. कीलिंग यांचे पुत्र राल्फ यांनी हवेतील प्राणवायू मोजून, तो ज्वलनाच्या हिशेबाला धरून घटत असल्याचे दाखवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक होऊन वेधशाळेची वाट आणि वीज तुटली. तरी लवकरच शेजारच्या मौना केआ शिखरावर तात्पुरती मोजणी सुरू करण्यात आली. लाव्हारसापुढे न थांबलेली ही नोंद माणसांच्या निर्णयापुढे मात्र किती असहाय आहे, हे २०२५ मध्ये दिसले. त्या वर्षी अमेरिकी प्रशासनाने मांडलेल्या पुढील अंदाजपत्रकात ज्या शासकीय हवामान-प्रयोगशाळांचा निधी काढून घेण्याचे सुचवले होते, त्यांत मौना लोआचाही समावेश होता.

कुलाब्याची वही

हे सारे दूरदेशीचे वृत्त आहे, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत कुलाबा येथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. तेव्हा मुंबई विद्यापीठ अस्तित्वात नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापकांनीच आरंभी हे काम पाहिले, आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेशी संबंध होता. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्या वेळचे आकडे नेहमीच्या शिस्तीने टिपले. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता ठरवली. उपग्रह आणि वीजवाहिन्या यांना अशा वादळाचा किती धोका आहे, याचा विचार जगभर आज ज्या पुराव्यांवर होतो, त्यांत ही नोंद अग्रभागी आहे. १८५९ च्या निरीक्षकांना उपग्रह ठाऊक नव्हते. आपल्या आकड्यांचा उपयोग कोणता, हे ते सांगू शकले नसते. त्यांचे काम उपयुक्त ठरले ते ते नियमित होते म्हणून.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल हे ओळखून वेधशाळेचे हे काम १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आले. परंतु एके दिवशी कुलाब्यास कुलूप लावून दुसऱ्या दिवशी अलिबागला प्रारंभ केला, असे झाले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी मोजणी चालू ठेवण्यात आली, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांस जोडता यावेत. ही दूरदृष्टी आजच्या कोणत्याही योजनेने गिरवावी अशी आहे.

वातावरणातील वायूंच्या बाबतीत मात्र आपली नोंद तुटक आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर काब द राम येथे १९९३ पासून हवेचे नमुने घेऊन ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत तपासले जात. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी हवा आणि हिवाळ्यात भूमीवरून येणारी हवा यांतील फरक त्यांवरून स्पष्ट झाला. मोसमी वाऱ्यांच्या देशात याचे महत्त्व सांगावयास नको. २००२ नंतर या नोंदीत काही वर्षांचा खंड पडला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ च्या अखेरीस सिंहगडावर असे नमुने घेण्यास आरंभ केला, ही समाधानाची गोष्ट आहे. पण मधली वर्षे गेली ती गेलीच.

विद्यापीठांनी काय करावे

निधी मर्यादित असतो आणि प्रत्येक मोजमाप अखंड चालवणे शक्य नसते, हा युक्तिवाद खोटा नाही. निरर्थक आकड्यांचे ढीग साठवणे म्हणजे विज्ञान नव्हे. ज्या मोजमापामागे स्पष्ट प्रश्न आहे, ज्याची पद्धत तपासता येते आणि ज्यातील खंड कधीही भरून काढता येणार नाही, त्यालाच अग्रक्रम द्यावयास हवा. शासकीय खात्यांनी हे काम करावे आणि विद्यापीठांनी त्यातून मोकळे व्हावे, असेही म्हटले जाते. परंतु खाते मोजते ते नेमून दिलेल्या कामासाठी. मोजमापावर शंका घेणे, त्यातून नवा प्रश्न काढणे, हा विद्यापीठाचा स्वभाव आहे. शिवाय एका हाताने लिहिलेली वही दुसऱ्या हाताने पडताळलेली बरी, हे मौना लोआनेच दाखवून दिले आहे.

तीन वर्षांचा प्रकल्प आणि एका प्रबंधाचा काळ, हीच आपल्या विद्यापीठीय संशोधनाची मापे होऊन बसली आहेत. विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि त्याचे आकडे प्रबंधाबरोबर कपाटात जातात. हे बदलण्यास प्रचंड यंत्रसामग्री लागत नाही. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या परिसरातील एखादी नदी, एखादा वनखंड, एखादी विहिरींची मालिका निवडावी. तिच्या मोजमापाची जबाबदारी व्यक्तीवर न सोपवता विभागावर सोपवावी. अध्यापक निवृत्त होताना वही पुढच्याच्या हाती रीतसर द्यावी. आणि असे काम करणाऱ्याच्या बढतीचा विचार करताना त्यास निबंधांच्या संख्येइतकेच वजन द्यावे. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालये यात सहभागी झाली तर विद्यार्थ्यांना विज्ञानाची खरी शिस्त पुस्तकाबाहेर शिकावयास मिळेल.

निसर्गाचे पालटणे संथ असते, म्हणून ते ध्यानात येत नाही. आणि ध्यानात येते तेव्हा पूर्वी काय होते याची नोंद नसते. नंतर होणाऱ्या वादांत मग पुराव्यापेक्षा आवाजाला महत्त्व येते. ही आपत्ती टाळणे ज्यांच्या हाती आहे, त्या संस्थांत विद्यापीठांचे स्थान पहिले आहे. आजची नोंद उद्या घेता येत नाही, एवढे ध्यानी ठेवले तरी पुष्कळ होईल.