सीझन दिसतो तीन महिने, घडतो बारा महिने: शाळेच्या क्रिकेटमधून धंद्याचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सीझनवर चालणाऱ्या धंद्यांबद्दल बोललो. राख्या, छत्र्या, गणवेश, आकाशकंदील, दिवाळीचा फराळ. व्हिडिओ आटोपता घ्यावा लागला, पण एक उदाहरण मला नीट सांगायचं होतं, ते इथे लिहितोय. माझं दुकान खेळाच्या सामानाचं आहे, त्यामुळे उदाहरणही शाळेच्या क्रिकेटचं. क्रिकेट आवडत नसेल तरी वाचा. धंदा सुरू करायचा विचार असेल, तर यातला हिशोब तुमचे पैसे वाचवेल.

शाळेचा सीझन म्हणजे काय?

मुंबईत मुलांच्या शालेय क्रिकेटच्या दोन जुन्या स्पर्धा आहेत. १६ वर्षांखालच्या मुलांसाठी हॅरिस शिल्ड आणि १४ वर्षांखालच्यांसाठी गाइल्स शिल्ड. हॅरिस शिल्ड तर १९व्या शतकाच्या शेवटापासून चालू आहे, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या नावाने. पाऊस संपला, मैदानं वाळली की सीझन लागतो आणि परीक्षा जवळ आल्या की आटोपतो.

आता धंद्याच्या नजरेने बघा. मोजके महिने, मोजक्या मॅच. बाद फेरीत हरलात की घरी, पुढची संधी पुढच्या वर्षी. आणि १६ वर्षांची अट ओलांडली तर तीही नाही. तुमच्या दिवाळीच्या स्टॉलचंही असंच आहे ना? लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आकाशकंदील कोण विकत घेतो?

१९८७-८८ चा सीझन

या सीझनमधली एक मॅच सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डची उपांत्य फेरी. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेविअर्स. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांवर बाद झाले होते. मग १४ वर्षांचा सचिन तेंडुलकर आणि १६ वर्षांचा विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी केली. सचिन ३२६, विनोद ३४९. संघाच्या २ बाद ७४८. कुठल्याही दर्जाच्या क्रिकेटमधली तेव्हाची ती सगळ्यात मोठी भागी होती. २००६ मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी मुलांनी ७२१ धावा करून तो विक्रम मोडला.

आपण हा आकडा ऐकतो आणि म्हणतो, "बाबा, नशीब लागतं!" इथेच आपलं चुकतं. ६६४ हा निकाल आहे. तो घडला कुठे, ते बघू.

५५ मॅच, ज्या कुणी पाहिल्या नाहीत

या मुलांचे कोच रमाकांत आचरेकर सर. सचिनने आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय की उन्हाळ्याच्या ६० दिवसांच्या सुट्टीत तो ५५ सराव सामने खेळला. म्हणजे जवळपास रोज एक मॅच. संध्याकाळी शिवाजी पार्कवर पुन्हा नेट. शेवटी दमलेल्या अवस्थेत सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. न बाद होता टिकला तर नाणं सचिनचं, नाहीतर बोलर घेऊन जाणार.

सरांनी काय केलं ते समजून घ्या. शाळेच्या सीझनमध्ये मॅच मोजक्याच असतात आणि तिथे बाद झालेलं परवडत नाही. म्हणून त्यांनी सीझनच्या बाहेर मॅच तयार केल्या, जिथे बाद झालं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅटिंग मिळते. एक रुपयाच्या नाण्यात नुकसान किती? एक रुपया! पण दडपण मात्र खऱ्या मॅचचं.

हेच आपल्याला करायचंय. माझ्या दुकानात नवी बॅट घेणाऱ्या प्रत्येक पालकाला मी सांगतो: ही बॅट लगेच लेदर बॉलवर खेळू नका. आधी तेल लावा, लाकडी हातोडीने हळूहळू ठोकून घ्या, मग जुन्या बॉलवर खेळा. नवी कोरी बॅट थेट मॅचला नेली तर चिरते. धंद्याचंही तसंच आहे.

चिवड्याचा हिशोब

समजा तुम्हाला दिवाळीत चिवडा विकायचाय. किलोला खर्च २२० रुपये, विक्री ३०० रुपये.

पहिला मार्ग: थेट दिवाळीला २०० किलो करायचा. अडकले ४४,००० रुपये. पोहे मऊ पडले किंवा पॅकिंग फुटलं, तर सुधारायला वेळच नाही. सीझन संपला.

दुसरा मार्ग: जूनपासून दर शनिवारी फक्त ५ किलो करायचा. एका घाण्याचा खर्च १,१०० रुपये. पूर्ण घाणा बिघडला तरी नुकसान तेवढंच. दिवाळीपर्यंत साधारण २० घाणे होतात. तोवर तुम्हाला कळलेलं असतं की पावसाळी हवेत चिवडा किती दिवस कुरकुरीत राहतो, पाव किलोचं पाकीट जास्त जातं की अर्ध्या किलोचं, कोणती गिऱ्हाईकं परत येतात. मग २०० किलोची ऑर्डर घेताना हात थरथरत नाही.

हे २० शनिवार म्हणजे तुमच्या ५५ मॅच.

३४९ वर डाव सोडायचा?

त्या मॅचचा एक किस्सा दोघांनीही पुढे अनेकदा सांगितलाय. सरांचा निरोप होता, डाव घोषित करा. विनोद ३४९ वर होता. ३५० ला एक धाव कमी! तरी डाव सोडला. का? कारण पुढे जायचं तर झेविअर्सचे दहा गडीही बाद करायचे होते. झेविअर्स १४५ मध्ये आटोपले आणि त्यातले सहा गडी कांबळीनेच घेतले, ३७ धावांत.

धंद्यात ३५० चा मोह रोज होतो. "या महिन्यात विक्री एक लाखाच्या पुढे न्यायचीच" म्हणून शेवटच्या दोन दिवसांत उधारीवर माल द्यायचा. विक्रीचा आकडा छान दिसतो, पण गल्ल्यात पैसे नाहीत. विक्री म्हणजे धावा. वसुली म्हणजे गडी. मॅच दोन्ही मिळून जिंकली जाते.

पॅड बांधून बसलेला मुलगा

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या ६६४ धावा होत असताना पुढचा बॅट्समन पॅड बांधून बाहेर बसला होता. वय १३. त्याची बॅटिंग आलीच नाही. तो अमोल मुझुमदार.

विचार करा, तयारी पूर्ण, फॉर्म आहे, आणि तुमच्या पुढचे दोघं बादच होत नाहीत. यात त्याची काहीच चूक नव्हती. पुढे रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणीत ११,००० च्या वर धावा केल्या, २००६-०७ ला कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. तरी भारताकडून एकही मॅच खेळायला मिळाली नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदारच होते.

"थांबा, एक दिवस फळ मिळेल" असं मी सांगणार नाही. प्रत्येकाला विश्वचषक मिळत नाही. मी सांगतोय ते हे की थांबण्याला खर्च असतो, आणि तो आधीच बाजूला काढावा लागतो. अनेक दुकानं माल वाईट म्हणून बंद होत नाहीत. बॅटिंग यायच्या आधीच मालकाचे पैसे संपतात.

समजा भाडं ८,०००, लाईट बिल १,५००, कर्जाचा हप्ता ५,५००. महिन्याला १५,००० रुपये, विक्री होवो न होवो. सहा महिने पॅड बांधून बसायचे झाले ९०,०००. तुमच्याकडे दोन लाख असतील, तर दोन लाखांचा माल भरू नका. आधी ९०,००० वेगळ्या खात्यात टाका. उरलेल्या १,१०,००० मध्येच डिपॉझिट, फर्निचर आणि माल बसवा. दुकान थोडं रिकामं दिसेल. दिसू दे! गिऱ्हाईक यायला लागेल तेव्हा शटर उघडं असणं जास्त गरजेचं आहे.

आजचं काम

वही घ्या आणि तीन ओळी लिहा.

१. माझा सीझन कुठला, आणि त्याच्या आधी मला किती छोट्या "मॅच" खेळता येतील?

२. त्यातल्या एका मॅचमध्ये जास्तीत जास्त किती रुपये बुडू शकतात? हा आकडा असा ठेवा की बुडाला तरी घरात भांडण होणार नाही.

३. माझा दरमहाचा ठरलेला खर्च गुणिले सहा किती?

तिसऱ्या ओळीतली रक्कम हातात नसेल, तर दुकानाचा करार आत्ता करू नका. घरून, स्टॉलवर, शनिवारच्या बाजारात सुरुवात करा. आचरेकर सरांच्या नाण्यासारखा पणाला एक रुपयाच लावा, पण खेळा मात्र रोज.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर वही भरलेली पाहिजे!